गुडघा-कंबर दुखत असेल तर पायात काय घालावे?
(यावल परिसरातील केळी व कापूस उत्पादकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सकाळच्या सत्रात आपण केळीवरील करपा आणि ठिबकातून द्यावयाची खते यांविषयी ऐकले. माझा विषय पिकाचा नाही, पीक उभे करणाऱ्या माणसाच्या पायांचा आहे. यावल-रावेर भागातील केळी हे मुळात चालण्याचे पीक. मृगबाग असो की कांदेबाग, पिले काढणे, वाळलेली पाने कापणे, ठिबकच्या नळ्या तपासणे ही सारी कामे ओळीओळीने चालत करावी लागतात. कापणीच्या वेळी वीस-पंचवीस किलोचा घड डोक्यावर घेऊन मजूर ओल्या सरीतून गाडीपर्यंत येतात. कापसाची वेचणीही पायावरच होते. आणि एवढे चालणाऱ्या पायात असते काय, तर बहुधा टाचेकडे झिजून कागदासारखी पातळ झालेली रबरी स्लिपर.

विहिरीवरच्या मोटारीचे बेअरिंग वाजू लागले की आपण त्याच दिवशी मेकॅनिकला बोलावतो. गुडघा वाजू लागला की मात्र "वय झाले" म्हणून गप्प बसतो. मग हळूहळू मळ्यात जाणे कमी होते, देखरेख दुसऱ्यावर जाते. चालणे कमी झाले की मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि गुडघा अधिकच दुखतो. हे चक्र थांबवायचे तर चालणे चालू राहिले पाहिजे, आणि ते चालू ठेवण्यासाठी पायात योग्य वस्तू पाहिजे.

एक गोष्ट प्रथमच स्पष्ट करतो. कोणत्याही बुटाने झिजलेली कूर्चा भरून येत नाही. पण चालताना होणारी वेदना कमी होऊ शकते, आणि याला पुरावा आहे. मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी गुडघ्याची झीज झालेल्या पन्नाशीपुढील १६४ व्यक्तींना सहा महिने बूट वापरायला देऊन २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्यांना पातळ, सपाट, कसेही वाकणारे बूट दिले होते आणि निम्म्यांना भक्कम, आधार देणारे. भक्कम बूट वापरणाऱ्यांपैकी ५८ टक्के लोकांची चालतानाची वेदना जाणवण्याइतकी कमी झाली; पातळ बुटांच्या गटात हे प्रमाण ४० टक्के होते. गंमत अशी की त्याआधीच्या काही प्रयोगांत पातळ, लवचिक पादत्राणात गुडघ्यावरचा भार कमी भरला होता, त्यामुळे तीच बरी असे अनेकांचे मत होते. यंत्रावर मोजलेला भार आणि माणसाला होणारा त्रास या दोन गोष्टी नेहमी बरोबर जात नाहीत. प्रयोगशाळेतले वाण शेतात तसेच उतरेल असे नसते, हे आपणास वेगळे सांगायला नको.

कंबरेच्या बाबतीत पुरावा इतका सरळ नाही. बुटात घालायच्या गाद्यांनी कंबरदुखी टळत नाही, असा निष्कर्ष २००७ च्या एका मोठ्या आढाव्यात निघाला. पुढे-मागे डुलणाऱ्या गोल तळव्याचे महागडे बूट कंबरदुखीवर म्हणून विकले जातात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील चाचणीत ते साध्या सपाट बुटांपेक्षा सरस ठरले नाहीत. तेव्हा कंबर दुखणाऱ्याने बुटाकडून मर्यादित अपेक्षा ठेवावी. पाय घसरू नये, पाऊल तिरपे पडू नये, ठेच लागू नये, एवढे त्याने केले तरी पुष्कळ झाले, कारण आधीच दुखणाऱ्या कंबरेला अचानक बसलेला हिसका फार महागात पडतो. चुंबकाच्या चपला, काटेरी गोळ्यांच्या चपला यांवर मात्र पैसे घालवू नयेत. आठवडे बाजारात त्यांची जाहिरात जोरात असते. माल विकणाऱ्याला गुडघ्याचे काय पडले आहे?

आता दुकानात गेल्यावर काय पाहावे ते सांगतो. बूट घ्यायला संध्याकाळी जावे. दिवसभर उभे राहून पाय थोडा फुगलेला असतो; सकाळी नीट बसलेला बूट संध्याकाळी चावतो. घरून निघताना कोऱ्या कागदावर उभे राहून दोन्ही पावलांची बाह्यरेषा काढून घ्यावी. दोन्ही पावले सारखी नसतात, माप मोठ्या पावलाचे घ्यावे. तो कागद बुटाच्या तळव्याला लावून पाहावा. पावलाची रेषा बुटाबाहेर जात असेल तर दुकानदार काहीही म्हणो, तो बूट आपला नव्हे. "घातल्यावर सैल होईल" हे वाक्य सर्वत्र ऐकू येते; बूट सैल होईपर्यंत पायाला भोवरी झालेली असते.

मापाचा प्रश्न आपल्याकडे खराच आहे. दुकानातील आकडे परदेशी मापांचे आहेत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशातील ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजली आणि भारतीय पाऊल युरोप-अमेरिकेतील पावलापेक्षा रुंद असल्याचे नोंदविले. यावरून 'भा' नावाची नवी मापपद्धती सुचविण्यात आली. रुंदी मिळावी म्हणून आपण एक नंबर लांब बूट घेतो आणि नाडी आवळून बांधतो. मग पाऊल आत पुढे-मागे सरकते. त्यापेक्षा रुंद तोंडाचा नमुना मागावा. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा असावी, आणि बोटे आत मोकळी हलली पाहिजेत.

त्यानंतर बूट हातात घेऊन तीन परीक्षा कराव्यात. टाचेमागची भिंत अंगठ्याने दाबावी; ती सहज आत दबली तर टाच डगमगणार. मग बूट दोन्ही टोकांना धरून ओला पंचा पिळतात तसा पिळून पाहावा. मधोमध पिळला जात असेल तर ठेवून द्यावा. शेवटी टोक वर दाबून वाकवावा. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, कारण आपले पाऊल तेथेच वाकते. मधोमध घडी पडणाऱ्या बुटाला आधार नाही आणि कोठेच न वाकणारा बूट लाकडी खडावेसारखा. टाचेची उंची दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. नाडी किंवा चिकटपट्टी हवी, नुसता पाय सरकवायचा बूट नको. गुडघ्यामुळे खाली वाकून नाडी बांधणे जमत नसेल तर चिकटपट्टीच बरी.

मऊपणाला फसू नये. दुकानात उशीसारखा वाटणारा स्वस्त फोम लवकर बसतो, आणि एका बाजूने बसला की पाऊल त्या बाजूला कलते. गादी हवी, पण दाबल्यावर परत वर येणारी. सूक्ष्मछिद्री रबराची चप्पल, जिला दुकानात 'एमसीआर' म्हणतात, ती या दृष्टीने चांगली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी जे काम केले, त्यातून हे रबर आपल्याकडे पादत्राणांत रूढ झाले. घरात फरशीवर अनवाणी चालताना टाच दुखते त्यांनी ही चप्पल घरात वापरावी. घेताना मागे पट्टा असलेली घ्यावी. मागे पट्टा नसलेली चप्पल निसटू नये म्हणून आपण नकळत बोटे आवळून, पाय ओढत चालतो. आहे त्याच सँडलला मागचा पट्टा लावून देण्याचे काम गावातील चर्मकार बंधू थोड्या पैशांत करतात. टायरच्या तळाची चप्पल टिकाऊ खरी, पण फार कडक. तिच्यावर या रबराचा थर चिकटवून घेतला तर काम भागते.

आता आपल्या काळ्या जमिनीचे काय, हा प्रश्न येणारच. पावसाळ्यात गाऱ्यात बूट घालून चार पावले टाकली की प्रत्येक पायाला शेर-दोन शेर माती चिकटते. असा जड पाय उचलून चालणे दुखऱ्या गुडघ्याला आणि कंबरेला अधिकच वाईट. म्हणून माझे मत असे की जोड दोन असावेत. घर ते मळा, बांध, रस्ता, बाजार यांसाठी वर सांगितलेला चालण्याचा बूट. आणि ओल्या सरीत शिरताना गमबूट, तोही पायाच्या मापाचा, आत सुती मोजा घालून. गमबुटात लांब चालू नये, त्यात टाच धरली जात नाही. बांधावर पोचल्यावर बदलावा, निघताना पुन्हा बदलावा. कटकट वाटेल, पण फवारणीचे कपडे आपण वेगळे ठेवतोच ना? आणि फवारणीला गेलात तर पँट गमबुटाच्या बाहेरून सोडावी, आत खोचू नये, नाहीतर औषध ओघळून आत उतरते. चामड्याच्या बुटात औषध मुरले की ते धुऊन निघत नाही, म्हणून फवारणीला चामडे नकोच.

पऱ्हाटी उपटली किंवा कापली की रानात धसकटे राहतात. तेथे स्लिपर घालून चालणे म्हणजे पायात खुंट घुसवून घेण्याची तयारीच. दुखणारा गुडघा वेळेवर उचलला जात नाही आणि ठेच तेथेच लागते. अशा रानात जाड, न घसरणाऱ्या तळव्याचा बंद बूट घालावा. घालण्यापूर्वी तो उलटा करून आपटावा. सातपुड्याच्या पायथ्याला राहणाऱ्यांना विंचवाबद्दल मी काय सांगणार!

भगिनींसाठी दोन शब्द अधिक. निंदणीला तासन्‌तास उकिडवे बसणे, वेचणीची ओटी कंबरेला, वर घरचे पाणी-सरपण. घरात सर्वांत जास्त गुडघे दुखतात ते बहुधा आईचे, आणि सर्वांत जुनी चप्पलही तिच्याच पायात असते. बायकांच्या विभागात मिळणारी पादत्राणे बहुधा नाजूक, पातळ पट्ट्यांची असतात. पुरुषांच्या विभागातील लहान मापाचा भक्कम बूट खुशाल घ्यावा. साडीवर बूट दिसतो म्हणून लोक हसतील, तर हसू द्यावेत. त्यांच्या घरीही गुडघे आहेतच. निंदताना बसायला लहान पाट किंवा उभ्याने चालवायचे कोळपे वापरले तर गुडघ्याला मिळणारी विश्रांती बुटापेक्षाही मोठी.

मधुमेह असलेल्यांनी विशेष जपावे. पायाची जाणीव कमी झालेली असेल तर आत गेलेला खडा दिवसभर कळत नाही. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवावा आणि रात्री दिव्याच्या उजेडात तळपाय पाहावा. नवा बूट पहिल्या दिवशी अर्धा तासच घालावा आणि रोज थोडी वेळ वाढवावी. हे सर्वांनाच लागू आहे. मुक्ताईच्या पालखीबरोबर मुक्ताईनगरहून पंढरपूरला पायी जाणाऱ्यांनी नवा जोड निघण्याच्या आदल्या दिवशी घेऊ नये. महिनाभर आधी घेऊन मळ्यात जाता-येता पायाला सवय करावी.

बुटाबरोबर काठी घ्यावी. रात्रीच्या लाइटीवर मोटार सुरू करायला जाताना सापाकरिता ती आपल्या हातात असतेच. फक्त ती दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी, उजवा गुडघा दुखत असेल तर डाव्या हातात. बहुतेक लोक नेमके उलटे करतात. काठीने गुडघ्यावरचा भार खरोखर हलका होतो, आणि ती बुटापेक्षा स्वस्त आहे.

काही दुखणी मात्र बुटाची नव्हेत. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद जाणे, जांघेत बधिरपणा येणे, लघवी-संडासवरचा ताबा सुटणे, असे झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गुडघा लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला तरीही तसेच. तापानंतर अनेक सांधे एकदम धरले तर चिकुनगुन्याची तपासणी करून घ्यावी. आणि दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्‌महिने खाऊ नयेत, त्यांनी मूत्रपिंडे बिघडतात.

आता आपल्यापैकी ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी आपले जुने जोडे या टेबलावर पालथे ठेवावेत. तळवा कोणत्या बाजूने झिजला आहे ते एकेकाचे पाहू आणि कोणाला दुरुस्ती पुरेल, कोणाला नवाच घ्यावा लागेल, ते सांगतो.