ओठांवरील फोड, नागीण आणि उपचारातील विवेक



वऱ्हाडातील वैशाख म्हणजे लग्नसराई. अमरावती-अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, बाजारपेठा गजबजतात, जेवणाच्या वेळा टळतात आणि जागरणे होतात. नेमक्या अशाच दिवसांत कोणाच्या तरी ओठाच्या कडेला मुंग्या येतात आणि दुसऱ्या दिवशी पाणीदार पुळ्यांचा झुबका उठतो. घरातील मंडळी म्हणतात, 'उष्णता उठली.' एखाद्या वृद्धाच्या कमरेला किंवा छातीला एकाच बाजूने आग होऊन फोडांचा पट्टा उमटला, तर तिला 'नागीण' म्हणतात. दोन्ही दुखण्यांवर घरोघरी उपाय सांगितले जातात. त्यांतील कोणते घ्यावेत, कोणते सोडावेत आणि डॉक्टरांकडे केव्हा जावे, हा आजचा विषय आहे.

ही दोन दुखणी सख्खी नसली तरी एकाच कुळातील आहेत. ओठांवरील फोड 'हर्पिस सिम्प्लेक्स' या विषाणूमुळे येतात. जगातील ५० वर्षांखालील निम्म्याहून अधिक लोकांच्या शरीरात तो वास करतो. बहुतेकांना तो बालपणीच, घरच्यांच्या लाळेतून मिळालेला असतो. नागीण ही कांजिण्यांच्या विषाणूची करणी. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि वार्धक्यात वा अशक्तपणात पुन्हा जागा होतो. ताप, प्रखर ऊन, श्रम आणि मनस्ताप यांनी ओठांवरील फोड उचल खातात. फोड वाळले म्हणून विषाणू शरीरातून गेला असे होत नाही. म्हणूनच 'मुळासकट घालवतो' अशी हमी देणाऱ्या कोणत्याही औषधाबद्दल सावध असावे.

नागिणीभोवती भीतीचे मोठे वलय आहे. तिचे तोंड शेपटीला मिळाले, म्हणजे कमरेभोवती वेढा पूर्ण झाला, की मनुष्य दगावतो, असा जुना समज आहे. प्रत्यक्षात मज्जातंतू पाठीच्या कण्यातून डाव्या व उजव्या बाजूस स्वतंत्र निघतात आणि विषाणू सहसा त्यांपैकी एकाच तंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. त्यामुळे पट्टा बहुधा शरीराच्या मध्यरेषेशीच थांबतो. वेढ्याची भीती अनाठायी आहे. खरी भीती वेळ दवडण्याची. पहिला दिवस काव लावण्यात, दुसरा दूर्वा-तांदळाच्या लेपात आणि तिसरा नागीण उतरवणाऱ्याच्या शोधात जातो. विषाणूरोधक औषध मात्र पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाले तर सर्वाधिक उपयोगी पडते. उशीर झाल्यास रोग अधिक काळ छळतो. फोड सुकल्यावरही काही वृद्धांना महिनोन्‌महिने वेदना होत राहतात. अंगावरचा सदरादेखील सहन होत नाही. णमोकार मंत्राने मनाला धीर मिळतो, तो अवश्य घ्यावा. विषाणूची वाढ रोखण्याचे काम मात्र औषधावर सोपवावे.

म्हणून घरगुती उपाय टाकाऊ ठरतात असे नाही. स्वच्छ गार पाण्याची घडी ठेवल्याने आग शमते. शंभर वेळा धुतलेले तूप, म्हणजेच शतधौत घृत, आयुर्वेदात दाहावर सांगितले आहे. ओठाच्या न फुटलेल्या पुळीवर कोरफडीचा स्वच्छ गर लावल्यास थंडावा मिळतो. उन्हात निघताना तोंडावर दुपट्टा घ्यावा. फुटलेल्या फोडावर मात्र माती, काव, चुना किंवा टूथपेस्ट लावू नये. त्याने जखम चिघळते.

आता पूरक गोळ्यांचा हिशोब पाहू. ओठांवरील फोडांसाठी 'लायसिन' या प्रथिनघटकाच्या गोळ्यांची मोठी ख्याती आहे. प्रतिबंधक उपायांवरील अभ्यासांचा 'कॉक्रेन' या संस्थेचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. लायसिनने फोड टळतात, असा पुरावा त्यात मिळाला नाही. शिवाय १०० ग्रॅम तूरडाळीत सुमारे दीड ग्रॅम लायसिन असते. ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीइतका साठा साधारण ३५ ग्रॅम डाळीत मिळतो. अकोल्याच्या दालमिलमधून निघणाऱ्या डाळीचे वरण ज्वारीच्या भाकरीबरोबर खाण्याची आपली रीत याच कारणाने शहाणपणाची आहे, कारण ज्वारीत हा घटक कमी असतो. जस्ताच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत. अतिरेकाने मळमळ होते आणि शरीरातील तांब्याचे प्रमाण घटते.

जैन कुटुंबापुढे आणखी एक प्रश्न उभा राहतो. अनेक कॅप्सूलचे आवरण प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेल्या जिलेटिनचे असते. पूरक आहाराच्या डबीवर हिरवी खूण आहे की नाही ते पाहावे. औषधाच्या बाबतीत दुकानदारास व डॉक्टरांस विचारावे. ओठांच्या फोडांवर मधही सुचवला जातो. न्यूझीलंडमध्ये ९५२ प्रौढांवर मध आणि असायक्लोव्हिर मलम यांची तुलना झाली; २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोहोंच्या परिणामात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे मधुत्यागाचे व्रत पाळणाऱ्याचे यात काहीही नुकसान नाही. नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, उग्रादित्याचार्यांनी 'कल्याणकारक' हा वैद्यकग्रंथ मद्य, मांस व मधु वर्ज्य करूनच रचला. १९४० मध्ये तो सोलापुरातून प्रकाशित झाला. व्रत आणि वैद्यक एकत्र नांदू शकतात, याची ही साक्ष आहे.

असायक्लोव्हिरची गोळी भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ते औषध ज्यांच्या संशोधनातून आले, त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मूत्रपिंडाच्या रुग्णास मात्रा बदलून द्यावी लागते, म्हणून ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. ५० वर्षांवरील व्यक्तींसाठी नागिणीची लस २०२३ पासून भारतात मिळते. तिचाही विचार करावा.

काही प्रसंगी क्षणाचाही विलंब नको. फोड डोळ्याजवळ, नाकाच्या शेंड्यावर किंवा कानात असतील, रुग्ण गर्भवती असेल, मधुमेह वा कर्करोगाने प्रतिकारशक्ती क्षीण झाली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. डोळ्यात मनाने स्टेरॉइडचे थेंब घालू नयेत. ज्याच्या ओठावर फोड आहे त्याने तान्ह्या बाळाचा पापा घेऊ नये. नवजात अर्भकास हा संसर्ग प्राणघातक ठरू शकतो. उष्टे भांडे न वापरण्याची आपली जुनी शिस्त इथे उपयोगी पडते.

शेवटचा मुद्दा संकोचाचा. हाच विषाणू गुप्तांगावरही फोड आणतो. अशा वेळी पती-पत्नी एकमेकांपासून आणि डॉक्टरांपासूनही दुखणे लपवतात, जाहिरातींतील पुड्यांवर पैसे घालवतात आणि मनात दोषारोप साठवत राहतात. संसर्ग वर्षानुवर्षे लक्षणांवाचून दडून राहू शकतो, म्हणून फोड आज दिसला यावरून कोणाच्याही शीलाचा निवाडा करता येत नाही. रुग्णाला घरात अपमान सोसावा लागला तर ती हिंसाच होय. त्याला धीर द्यावा आणि वेळेवर उपचार मिळवून द्यावेत. अहिंसेचे आचरण घरातूनच सुरू होते.

जय जिनेंद्र.