मोगलीच्या दोन आया
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरगावच्या एखाद्या शिकलेल्या बाईंना बोलावून व्याख्यान ठेवण्याचा आपला प्रघात आहे. यंदा कार्यकारिणीने ठरविले की आपल्यापैकीच एकीने बोलावे, आणि चिठ्ठी नेमकी माझ्या नावाची निघाली. मी सातवी पास. तेव्हा व्याख्यान वगैरे काही नाही, चार शब्द सांगते. विषय मला दिला होता ‘दूरदर्शन आणि आपली मुले’. पण त्यावर डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, हे आपण सगळ्याजणी रोजच घरी बोलतो. ते पुन्हा माईकवर कशाला? म्हणून मी एकाच मालिकेविषयी बोलणार आहे. तिचे नाव ‘जंगल बुक’. आपल्यापैकी ज्या चाळिशी ओलांडलेल्या आहेत त्या आताच हसल्या, म्हणजे त्यांना आठवली.

१९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका लागत असे. मी तेव्हा सातवीत होते. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच, पुढची तालुक्याला. त्यामुळे माझी शाळा त्या वर्षी संपली. पण रविवार चालू राहिले! आमच्या आळीत टीव्ही एकच. ओसरीवर, पायऱ्यांवर, खिडकीच्या गजांना लटकून वीस-पंचवीस पोरे. गाणे गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाज यांची, आणि शेरखान वाघाचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. तो आवाज आला की लहान पोरे मोठ्यांच्या पदराआड जात.

आम्हाला वाटे की ही मालिका आपलीच, हिंदीतली. ती होती जपानची. निप्पॉन ॲनिमेशन नावाच्या कंपनीने १९८९-९० मध्ये तिचे बावन्न भाग काढले, आणि दूरदर्शनने ते हिंदीत आणले. मूळ गोष्ट त्याहून जुनी. रुडयार्ड किपलिंग या इंग्रज लेखकाने ती लिहिली. पहिले पुस्तक १८९४ सालचे आणि दुसरे १८९५ सालचे. गृहस्थ जन्मले मुंबईला, १८६५ मध्ये. वडील तिथल्या जे. जे. कलाशाळेत शिक्षक. पण पुस्तके लिहिली अमेरिकेतल्या व्हर्माँट नावाच्या थंड प्रांतात बसून. तिथे बसून त्यांनी लिहिले ते मात्र आपल्या शेजारचे. गोष्टीतले जंगल सिवनीचे, म्हणजे नागपूरच्या वरच्या अंगाचे, आणि मोगली ज्या नदीकाठी वाढला ती आपली वैनगंगा. सिवनीकडे उगम पावून भंडारा, पवनी करीत खाली गडचिरोलीकडे जाते तीच. ज्या नदीवर आपण कार्तिकात दिवे सोडतो, तिच्यावर इंग्रजाने गोष्ट लिहावी, जपान्यांनी चित्रे काढावी, आणि ती हिंदीत ऐकून आपल्या पोरांनी माना डोलवाव्या. गंमत आहे की नाही?

आता मुद्द्यावर येते. मंडळाच्या कपाटात या पुस्तकाचा मराठी अनुवाद आहे, तो मी गेल्या पावसाळ्यात वाचला. त्यात दोन-तीन गोष्टी गाळलेल्या वाटल्या, त्या माझ्या मुलीने इंग्रजीवरून वाचून मला मराठीत सांगितल्या. तेव्हा लक्षात आले की पुस्तकातल्या मोगलीच्या गोष्टी मोजून आठ. आठांचे बावन्न भाग केले म्हणजे वरणात पाणी घातलेच असणार. आणि घातलेही आहे. मोगलीच्या सोबतीला कीची नावाचा लाल पांडा दिला आहे. लाल पांडा सिवनीत कुठला? तो हिमालयातला प्राणी. मोगलीच्या हातात बूमरँग दिले आहे, ते ऑस्ट्रेलियाचे. हे सगळे मला पटले नाही असे नाही, मुलांना मजा येते. पण जपान्यांनी जे पाणी घातले त्यातला मोठा वाटा घराचा आहे, आणि तो मला फार आवडला. लांडग्यांची गुहा हे त्यांनी खरोखरीचे घर केले. बाप आहे, आई आहे, भावंडे आहेत, त्यांचे रुसवे-फुगवे आहेत. बाहेर कितीही संकट आले तरी रात्री सगळ्यांनी एकमेकांना चिकटून निजायचे आहे.

१९६७ सालचा अमेरिकन सिनेमाही आमच्या मुलीने मला दाखविला. गाणी छान आहेत, अस्वल तर फारच गमतीचे. पण त्यात आई कुठे? लांडगीण क्षणभर दिसते आणि गोष्टीतून निघून जाते. शेवटी पाणी भरायला आलेली एक मुलगी दिसते आणि तिच्यामागे मोगली गावात जातो. ज्याला दोन आया होत्या त्याला सिनेमाने एकही ठेवली नाही.

हो, पुस्तकात दोन आहेत. पहिली लांडगीण. जपानी मालिकेत तिला लूरी म्हणतात, पुस्तकात तिचे नाव रक्षा. किपलिंगसाहेबांच्या मनात त्याचा अर्थ राक्षसीण असा होता. आपल्या कानाला मात्र रक्षा म्हटले की रक्षण आठवते, राखी आठवते. साहेबांचा अर्थ चुकला असेल, नाव चुकले नाही. (मोगली म्हणजे बेडूक, हेही त्यांनी स्वतःच्याच मनाने ठरविले. असा शब्द आपल्याकडच्या कुठल्याच भाषेत नाही.) गुहेच्या तोंडाशी शेरखान येऊन माणसाचे पोर मागतो, तेव्हा नवरा बोलत असतानाच ही पुढे होते आणि वाघाला असे काही सुनावते की नवराही चकित होऊन पाहतो. पोर घरात येऊन अजून घटकाही झालेली नसते. चार पिलांना पाजणारी ती बाळंतीण, तिने पाचवे जवळ घेतले, आणि तेवढ्यात ते तिचे झाले.

दुसरी मेसुआ, गावातली बाई. तिचा नथू नावाचा मुलगा लहानपणीच वाघाने नेलेला. मोगली जंगलातून गावात येतो तेव्हा बायका म्हणतात, हा तुझा नथूच असेल. ती त्याला निरखून पाहते. तो नथू आहे अशी तिची पक्की खात्री काही होत नाही, तरी ती त्याला घरात घेते, दूध-भाकरी देते. पुढे हाच पोरगा वाघ मारतो तेव्हा गाव म्हणते हा चेटक्या, आणि त्याला दगड मारून हाकलते. मग मेसुआला आणि तिच्या नवऱ्याला बांधून घालतात, चेटकीण म्हणून जाळायला. त्यांची जमीन चांगली, म्हशी दुभत्या, हेही कारण त्यात आहेच! बायांनो, ही गोष्ट सव्वाशे वर्षांमागची म्हणून सोडून देऊ नका. कोणावर करणी-भानामतीचा आळ घेऊन छळ करणे हा गुन्हा आहे असे सांगणारा कायदा आपल्या राज्याला २०१३ साली करावा लागला.

मोगली तिला सोडवायला रात्री जातो. आणि आता जे सांगते ते मुलीने वाचून दाखविले तेव्हा मी हातातली मेथी तशीच ठेवून ऐकत बसले. मोगली झोपडीबाहेर येतो तर अंधारात म्हातारी लांडगीण उभी. कशाला आली? ज्या बाईने आपल्या पोराला दूध दिले तिला एकदा पाहावे, एवढ्यासाठी. ती खिडकीतून मेसुआला पाहते. भांडत नाही, गुरगुरत नाही. पहिले दूध आपले होते एवढे मात्र ती बोलून दाखविते, आणि माणूस शेवटी माणसांतच जायचा हेही कबूल करते. मग मेसुआ आणि तिचा नवरा जिवाच्या भीतीने रात्रीतून जंगलातल्या वाटेने पळतात, तेव्हा ही म्हातारी गवतातून त्यांच्या मागोमाग जाते, कोणी त्यांच्या वाटेला जाऊ नये म्हणून. दिसायचे नाही, कारण दिसली तर मेसुआ घाबरेल.

हे मला एवढे का लागले ते आपल्यापैकी पुष्कळजणींना माहीत आहे. माझे दीर आणि धाकटी जाऊ मस्कतला असतात. जाऊ तिथे परिचारिका आहे. दोघांच्या पाळ्या, लहान मूल बघायला कोणी नाही, म्हणून २०१९ मध्ये त्यांनी आपला दोन वर्षांचा मुलगा माझ्या ओटीत घातला आणि गेली. वर्षाने आणू म्हणाली होती. मग टाळेबंदी आली, विमाने बंद झाली, वर्षाची वर्षे झाली. तो मला ‘मोठी आई’ म्हणतो. आपल्याकडे चुलतीला हे नाव आहेच, नवीन काही शोधावे लागत नाही. एप्रिल २०२० मध्ये दूरदर्शनने ‘जंगल बुक’ पुन्हा दाखविले, तेव्हा दुपारी एक वाजता तो माझ्या मांडीवर बसून जेवत ते पाही. तिकडे जाऊ अंगावर ते सगळे झगे-बिगे चढवून रोग्यांमध्ये उभी. रात्री फोनवर दिसे, तेव्हा मास्कचे वळ गालावर असत.

आता यंदा जूनमध्ये तो आईवडिलांकडे जाणार आहे. तिथल्या शाळेत नाव घातले आहे. तेव्हापासून मला लोक काय काय म्हणतात! कोणी म्हणते, कितीही केले तरी शेवटी दुसऱ्याचेच. कोणी म्हणते, पोटची माया ती पोटची माया. एकीने तर त्यालाच विचारले, तुझी खरी आई कोण रे? नऊ वर्षांच्या पोराला! तो म्हणाला, “एक मोबाईलमधली आणि एक घरातली.” ती बाई हसली. मला हसू आले नाही.

देवकी-यशोदेचे उदाहरणही मला सगळे देतात. पण भगिनींनो, कृष्ण मथुरेला गेल्यावर यशोदेचे पुढे काय झाले हे कीर्तनात फारसे कोणी सांगत नाही. पुढे ग्रहणाच्या वेळी कुरुक्षेत्री नंद-यशोदेची आणि त्याची भेट झाली असे भागवतात आहे, आणि तिथे देवकीने यशोदेला मिठी मारून तिचे उपकार मानले असेही आहे. ते आमच्या सासूबाईंनी पोथीत दाखविले म्हणून मला कळले. नाहीतर माझ्याही मनात गोकुळातली रडणारी यशोदाच होती.

किपलिंगसाहेबांना हे सारे कसे सुचले असेल? त्यांच्या चरित्रातली एक गोष्ट सांगते. ते पाच वर्षांचे नि बहीण तीन वर्षांची असताना आईवडिलांनी त्यांना विलायतेला नेऊन पैसे देऊन एका परक्या घरी ठेविले आणि ती दोघे मुंबईला परत आली. मुलांना आधी काही सांगितलेसुद्धा नाही. पाच वर्षांवर तिथे काढली. त्या घरची बाई मारकुटी, घालून पाडून बोलणारी. शेवटी १८७७ साली आई आली आणि रात्री मुके घ्यायला वाकली, तर मुलाने मार चुकवायला हात वर केला. ते वाचून माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्याच्या घरात वाढणे कसे वाईट असते ते त्या माणसाने भोगले होते. ते कसे असायला हवे होते, ते त्याने पुढे लांडग्यांच्या गुहेत लिहिले असे मला वाटते. पंडितांचे मत वेगळे असेल तर असो.

मालिकेच्या शेवटी मोगली माणसांत राहायला जातो, पण जंगल त्याला तुटत नाही. पुस्तकात तो मोठा झाल्यावर एका रात्री मेसुआच्या दारी येतो. नवरा वारलेला, पदरी लहान मूल. ती त्याला ऊन दूध देते, आणि तो तिथेच भुईवर आडवा होतो तो ती रात्र आणि दुसरा सगळा दिवस झोपून काढतो. जंगलात वाढलेला, पानाच्या आवाजाने जागा होणारा पोरगा! उठल्यावर ती त्याला भाकरी, भात आणि मुरवलेली चिंच वाढते, त्याचे केस विंचरते. जपान्यांनी किती पाणी घातले, काय बदलले, याचा हिशेब मी मघाशी केला. पण दोन्ही घरी त्याला निर्धास्त झोप लागते, हे त्यांनी बदलले नाही.

जाऊ परवा फोनवर म्हणाली, “वहिनी, तो रात्री दचकला तर तुम्ही काय करता? भातावर काय घेतो? काय म्हटले की ऐकतो?” मुलाच्या आईने मला हे विचारावे! ती विचारताना अडखळत होती. मी म्हटले, लिहून पाठविते. तेव्हापासून रोज रात्री एका वहीत लिहिते आहे. वरणात हिंग नको, ताप आला की पायांना आधी हात लावून पाहायचा, झोपताना शेरखानची गोष्ट सांगायची पण आवाज काढायचा नाही, काढला तर झोपत नाही. चौदा पाने झाली आहेत, आणि अजून त्याच्या शाळेतल्या मित्रांची नावे राहिली आहेत.