टेन्शन गेले तरी गोळी राहू द्या
(आरोग्यसेवकांच्या प्रशिक्षण वर्गातील डॉक्टरांचे भाषण)

टोल्याटोल्यांवर बीपीचे यंत्र घेऊन फिरणाऱ्या माझ्या भगिनींनो आणि बंधूंनो,

बीपी मोजायला तुम्ही शिकलात. आज मला बीपी असलेल्या माणसाच्या मनाविषयी बोलायचे आहे.

आपल्याकडे या आजाराला सर्रास 'टेन्शन' म्हणतात. या एका शब्दाने फार घोटाळा केला आहे. धान विकले, मुलीचे लग्न झाले, आता कसले टेन्शन, म्हणून माणूस गोळी सोडतो. आमच्याकडे येणाऱ्या एका आजोबांनी असेच केले. काही महिन्यांनी उजवी बाजू लुळी पडली आणि त्यांना खाटेवर घालून आणावे लागले. रक्तदाब म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर पडणारा रक्ताचा जोर. काळजीने तो थोडा वेळ वाढतो हे खरे. पण मन शांत असतानाही तो वाढलेला असू शकतो. 'सर्च' संस्थेच्या अभ्यासात ग्रामीण गडचिरोलीतील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण पक्षाघात आढळले. त्यामागे बहुतेक वेळा हाच रक्तदाब असतो.

दुसरीकडे भीती आहे. '१६०' ऐकले की कुणी शेतावर जाणे सोडते, कुणी रात्रभर जागते. 'एकदा गोळी लागली की जन्माची' म्हणून कुणी नुसत्या पुजाऱ्यावर भिस्त ठेवतो. त्यांच्यावर रागावू नका. पुजाऱ्याकडे जा, पण गोळी सोडू नका, एवढेच सांगा.

मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसवा. मोजताना बोलू नका, बोलण्याने आकडा वाढतो. मोजून झाल्यावर मात्र त्यांच्या बोलीत बोला. झोप लागते का? बाजाराला जावेसे वाटते का? गोळीने काही त्रास होतो का? ॲम्लोडिपिनने काहींचे पाय सुजतात. ते कुणाला न सांगता गोळी बंद करतात. गोळी बदलता येते, हे त्यांना माहीतच नसते.

मीठ कमी करायचे तर साऱ्या घराचे करा. माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा पुरे. एकट्याचे ताट वेगळे वाढले की तो मनाने घरापासून तुटतो. सून, मुलगा सगळ्यांना समोर बसवून हे सांगा.

दोन आठवडे उदासी हटत नसेल, जीव नकोसा झाल्याचे कुणी बोलत असेल, तर थांबू नका. आम्हाला कळवा. सरकारची टेलि-मानस सेवाही आहे. १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

आणि आकडा १४०/९० च्या खाली आला, की 'बरे झालात' म्हणू नका. 'मावशी, रोज गोळी घेतलीत म्हणून हे जमले. अशीच चालू ठेवा,' असे म्हणा. त्या शब्दाने तिला पुढच्या महिन्याची गोळी घ्यायचे बळ येईल.