तासाची घंटा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मघाशी सर सभागृहात आले आणि चाळिशी ओलांडलेले आपण सगळे एका झटक्यात उभे राहिलो. मागून कुणीतरी 'एक साथ नमस्ते'ही म्हणालं. आज मला या उठण्याबद्दलच बोलायचं आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. वीस वर्षं खुर्चीत बसून काम केलं. तीन वर्षांपूर्वी वार्षिक तपासणीत माझं एचबीए१सी ६.१ आलं. हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देतो. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. मी तो कागद ड्रॉवरमध्ये टाकून दिला.

पुढच्या वर्षी मधुमेहामुळे बाबांच्या पायाचं बोट काढावं लागलं. मी उशाशी बसले होते. ते म्हणाले, "मला कळलं तेव्हा उशीर झाला होता गं. तू तपासून घे." तपासणी तर झालीच होती. हे त्यांना सांगायची मला लाज वाटली.

मग वाचायला लागले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार भारतात सुमारे १३ कोटी ६० लाख लोक या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे या सभागृहात मी एकटी नसणार.

२०१२ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वजन जास्त असलेल्या १९ जणांना एक दिवस सलग बसवलं, तर दुसऱ्या एका दिवशी दर २० मिनिटांनी २ मिनिटं चालवलं. चालण्याच्या दिवशी खाण्यानंतरची साखर साधारण पाव हिश्श्याने कमी चढली. पुढच्या वर्षी अमेरिकेत, उपाशीपोटीची साखर वाढलेल्या साठीपुढच्या १० जणांवर प्रयोग झाला. रात्रीच्या जेवणानंतरची साखर आटोक्यात ठेवायला, दिवसा एकदाच ४५ मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर १५ मिनिटं चालणं सरस ठरलं. कारण साधं आहे. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही रक्तातली साखर आत ओढून घेतो.

हे प्रयोग लहान आहेत आणि थोड्या काळाचे आहेत, हेही सांगते. औषधं चालू असतील तर ती आपल्या मनाने बंद करू नका.

मी काय केलं? मोबाइलवर दर अर्ध्या तासाला शाळेच्या घंटेचा आवाज लावला. घंटा झाली की उठायचं, तीन मिनिटं जिन्यात किंवा गच्चीवर. मीटिंग लांबली तर जागेवरच टाचा उचलायच्या. पहिल्या आठवड्यात सहकारी हसले. आता त्यातले दोघे माझ्याबरोबर येतात. रात्रीचं जेवणही आठच्या आत आणलं. वर्षभराने आकडा ५.८ आला. डॉक्टर म्हणाले, "सगळं श्रेय घंटेला देऊ नका, पण घंटा बंदही करू नका."

शाळेत दर पस्तीस मिनिटांनी घंटा व्हायची, नवे सर आले की आपण उठायचो, मधल्या सुट्टीत डबा संपवून मैदानावर पळायचो. हे सगळं कुणीतरी आपल्यासाठी आखून दिलेलं होतं. दहावीनंतर ती घंटा वाजवणारं कुणी राहिलं नाही, आणि आपणही ती वाजवली नाही.

आज जेवणानंतर कुणी खुर्चीत बसायचं नाही. सगळ्यांनी मैदानाला दोन फेऱ्या मारायच्या. पी.टी.चे सर समोर बसलेत. सर, शिट्टी आणलीय ना?