राळेच्या पंखांची शुश्रूषा

१९५१ साली बंगळूरच्या आकाशात ‘एचटी-२’ हे विमान उडाले. डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी आखलेल्या त्या विमानाची काया धातूची होती. धातूला मार बसला की पोचा येतो; निदान दुखण्याची जागा तरी कारागिराला शोधावी लागत नाही. पुढे त्याच शहरात राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने ‘हंस’ हे दोन आसनांचे शिकाऊ विमान घडविले. १९९३ साली ते प्रथम उडाले. त्याचे अंग काचतंतूंच्या कापडाचे आणि ते कापड घट्ट धरून ठेवणाऱ्या इपॉक्सी राळेचे आहे.

ही काया हलकी व गंजमुक्त असली, तरी मोठी लबाड असते. कामगाराच्या हातून पाना निसटून पंखावर पडला, तर वरचा पापुद्रा पूर्ववत होतो आणि आतले थर मात्र एकमेकांपासून सुटलेले राहतात. म्हणून तपासनीस नाण्याने पंख ठोकून पाहतो. माठ घेताना गृहिणी टिचकी मारते, तसेच हे. नाद खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर तेथे खडूने वर्तुळ काढायचे. श्राव्यातीत ध्वनीची यंत्रे आली, तरी हे नाणे अद्याप निवृत्त झालेले नाही.

दुरुस्ती म्हणजे वरून राळ ओतणे, हा समज चुकीचा आहे. बंगळूरजवळच्या चन्नपट्टणची खेळणी लाखेने रंगवितात. ती लाख ऊब लागताच मऊ होते व पुन्हा चढते. इपॉक्सीचे तसे नाही. राळ व हार्डनर यांचा संयोग एकदा झाला की ती पुन्हा वितळत नाही. नवी राळ जुनीत मिसळत नाही, तिला केवळ चिकटते. म्हणून दुखरा भाग काढून कडा उतरत्या घासतात. एक मिलिमीटर खोलीस वीस मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक उतार देतात. मुरलेला ओलावा सुकवितात. मिश्रण तराजूवर तोलूनच करतात, कारण हार्डनर जास्त घातल्याने राळ अधिक कठीण न होता उलट कमकुवत राहते. मग कापडाचे थर बसवून वर प्लॅस्टिकचे आवरण घालतात व आतली हवा पंपाने ओढून घेतात. बाहेरच्या हवेचा दाबच थर आवळून धरतो. ठरलेली ऊब, ठरलेले तास, आणि पुन्हा ते नाणे.

आणि एवढे करून वरचा रंग उपेक्षिला, तर श्रम फुकट! उन्हातील अतिनील किरणांनी उघडी राळ पिवळी पडते, मग तिची भुकटी सुटते. तापमान फार चढले तर ती ढिलीही होते. अशा विमानांना बहुधा पांढरा रंग देतात तो याचसाठी. धावपट्टीवरील खड्यांनी त्याचे टवके उडतात, तेव्हा जुना रंग हलक्या हाताने घासूनच काढावा लागतो. धातूच्या विमानावर चालणारे रंग उतरविण्याचे तीव्र द्रावण येथे लावले, तर रंगाबरोबर खालची राळही खाल्ली जाते.