शेगडी आणि मशीन: घरी काय उघडावं, काय उघडू नये

भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या, रानातून नुकत्याच आलेल्या, शिवणाच्या मशीनवर बसलेल्या सगळ्या जणींना आमच्या बचत गटाचा नमस्कार. आज आपण गॅसची शेगडी आणि कपडे धुण्याचं मशीन यांच्या घरगुती दुरुस्तीबद्दल बोलणार आहोत.

आधी एक विचारतो. चूल बिघडली म्हणून घरी मिस्तरी बोलावल्याचं तुमच्यापैकी कुणाला आठवतं का? चुलीला तडा गेला, तर माती, शेण आणि भुसा कालवून आपल्या आज्या-सासवाच तो बुजवायच्या. विस्तव कुठून ओढ घेतो आणि धूर कुठे मागे फिरतो, हे त्यांना हाताला ठाऊक असायचं. पुढे १९८३ साली सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आणला. चूल चांगली होती, पण धुराडं काजळीने तुंबलं की साफ कसं करायचं, हे बऱ्याच घरांत बाईला कुणी दाखवलंच नव्हतं. ती चूल मग कोपऱ्यात पडून राहिली. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून आपल्यातल्या कितीतरी जणींच्या घरी गॅस आला. तेव्हाही पेटवायचं कसं हे सगळ्यांनी सांगितलं, साफ करायचं कसं हे फार थोड्यांनी.

आता शेगडीकडे वळू.

शेगडीचा आजार ज्योतीवर दिसतो. ज्योत निळी आणि ठाम असेल तर सगळं ठीक आहे. ती पिवळी पडली, लांब जिभा काढू लागली, पातेल्याचं बूड काळं करू लागली, तर गॅसला पुरेशी हवा मिळत नाही असं समजा. त्यात गॅस वाया जातो आणि बंद खोलीत विषारी वायूही साठतो. तेव्हा काळं पातेलं घासत बसण्यापेक्षा बर्नर बघा.

पहिला प्रश्न असा विचारायचा: दोन्ही बर्नर बिघडलेत की एकच? दोन्हींची ज्योत बारीक झाली असेल, तर दोष शेगडीच्या अलीकडे आहे. टाकी संपत आली असेल, नळी कुठे दुमडली असेल किंवा रेग्युलेटर नीट बसला नसेल. एकाच बर्नरची ज्योत बिघडली असेल, तर टाकीकडे बघूच नका, दोष त्या बर्नरमध्येच आहे. एवढा एक प्रश्न विचारला की निम्मी शोधाशोध वाचते.

साफसफाईच्या आधी रेग्युलेटर बंद करा आणि शेगडी पूर्ण गार होऊ द्या. बर्नरची वरची टोपी उचला. पितळी असेल तर ती चिंचेच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा, जसा आपण देवाचा तांब्या घासतो तशीच घासा. ॲल्युमिनियमची असेल तर सोड्याच्या पाण्यात घालू नका, ती काळवंडते. तिला साध्या साबणाचं पाणी पुरे. भोकांत अडकलेलं दूध, डाळ, काजळी सुईने एकेक करून काढा आणि टोपी खणखणीत वाळवा. ओली टोपी ठेवली की ज्योत फडफडते, मग आपल्याला वाटतं दुरुस्ती फसली.

टोपीखाली एक नळकांडं असतं. त्यात गॅस आणि हवा एकत्र होतात. शेगडी काही दिवस बंद राहिली, म्हणजे आपण यात्रेला गेलो किंवा माहेरी गेलो, की त्यात कोळी जाळं करतो, झुरळाचं पिल्लू शिरतं. बाहेरून सगळं लखलखीत आणि ज्योत मात्र पिवळी, असं झालं तर पहिला संशय याच नळकांड्यावर घ्या. लहान मुलाची दुधाची बाटली धुण्याचा ब्रश त्यातून फिरवला की काम होतं.

नळकांड्याच्या तोंडाशी पितळेचं बारीक छिद्राचं जेट असतं. इथे मात्र हात आखडा. जाड सुई किंवा दाभण घालून ते छिद्र मोकळं करायला गेलात, तर ते मोठं होतं. मग गॅस जास्त येतो, हवा तेवढीच राहते आणि ज्योत कायमची पिवळी होते. नवं जेट शेगडीच्या दुकानात मिळतं. जुनं सोबत न्या आणि त्याच मापाचं घ्या. बटण जड फिरत असेल तर त्यात खोबरेल तेल सोडू नका. कॉकला वेगळं ग्रीस लागतं आणि ते काम कॉक उघडणाऱ्या कारागिराचं आहे.

आता नळी. गॅसच्या नळीवर आयएसआयची खूण असते, ती बघून घ्या. पाच वर्षं झाली की बाहेरून कितीही चांगली दिसो, बदला. दीड मीटरपेक्षा लांब नळी लावू नका आणि मधे जोड तर नकोच. गळतीचा संशय आला तर साबणाचा फेस नळीवर, दोन्ही टोकांना आणि रेग्युलेटरभोवती लावा. बुडबुडा फुगला की तिथे गळती. काडी ओढून गळती शोधणारी शूर माणसं अजून गावोगाव आहेत, त्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढा.

गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम घातलेला असतो. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो. आपल्याकडे कितीतरी घरांत शेगडी जमिनीवर, टाकी तिच्या शेजारी, आणि हातभर अंतरावर पेटती चूल. आमचं स्पष्ट मत आहे की चूल आणि टाकी एका खोलीत ठेवू नयेच. शेगडी ओट्यावर किंवा निदान पक्क्या फळीवर, टाकीपेक्षा उंच हवी. टाकी उभीच हवी, आडवी कधीच नाही.

रात्री वास आला तर दिवा लावू नका. लागलेला असेल तर बंदही करू नका, बटणाच्या आत ठिणगी पडते. चूल, उदबत्ती, समई जवळ पेटती असेल तर विझवा. रेग्युलेटर बंद करा, काढा, टाकीला टोपी लावा. दारं-खिडक्या उघडा, पोरांना घेऊन अंगणात या, आणि फोन तिथूनच करा. गॅसगळतीच्या तक्रारीचा क्रमांक १९०६ आहे. टाकीच्या मागच्या भिंतीवर तो खडूने मोठा लिहून ठेवा.

कपड्यांच्या मशीनकडे येऊ. आपल्याकडे बहुतेक घरांत दोन टबांचं मशीन असतं, एका बाजूला धुणं, दुसऱ्या बाजूला ड्रायर. हे मशीन साधं आहे, आणि साधं आहे म्हणूनच दुरुस्तीला चांगलं. पण गॅरंटीची मुदत चालू असेल तर स्क्रू काढू नका. कंपनीचा माणूस बोलवा आणि कागद सांभाळा.

पहिला नियम, पिन सॉकेटमधून काढून हातात घ्या. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण घराच्या वायरिंगमध्ये बटण चुकीच्या तारेवर जोडलेलं असेल तर बटण बंद असूनही मशीनमध्ये वीज राहते. हात कोरडे, पायात चप्पल. मागच्या झाकणाआड डबीसारखा कंडेन्सर असतो, त्याला हात लावायचा नाही. पिन काढल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते.

पाणी जात नाही, ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. या मशीनला बहुधा पाणी उपसणारा पंप नसतो, पाणी उताराने जातं. पाईपचं तोंड मोरीच्या कठड्यावर चढवून ठेवलं असेल तर पाणी जाणार कसं? पाईप खाली सोडा. तरी जात नसेल तर धुण्याच्या टबच्या कडेची उभी पट्टी काढा. तिच्याखाली निचऱ्याची जागा असते. तिथे ब्लाऊजचे हूक, नाणी, तंबाखूची पुडी, पोराची गोटी असं घरातल्या प्रत्येकाचं काही ना काही सापडतं. टबात टाकण्याआधी खिसे बघायचं काम ज्याची पँट त्याचं, असा नियम आमच्यातल्या दोघींनी घरी केला आहे, आणि तो पाळलाही जातो.

धुणं होत नाही, मशीन नुसतं घुमतं, असं असेल तर ऐका. आवाज येतो पण चकती फिरत नाही, तेव्हा पिन काढून चकती हाताने फिरवा. अडकत असेल तर मधला स्क्रू काढून चकती उचला, खाली हूक किंवा धाग्यांचा गुंता असतो. चकती मोकळी फिरते, मोटरही फिरल्याचं ऐकू येतं, पण कपडे टाकले की थांबते, तर पट्टा सैल झाला आहे. जुना पट्टा दुकानात नेऊन त्यावरचा नंबर जुळवा. चकती मोकळी आहे आणि मोटर नुसती घुमते, तर आधी इतर उपकरणं बघा. संध्याकाळी पंखा मंद फिरत असेल तर दाब कमी आहे, मशीन तेव्हा लावूच नका, मोटर जळते. दाब ठीक असेल तर कंडेन्सर गेला असेल, आणि तो वायरमनचा विषय.

ड्रायर फिरत नसेल तर झाकण नीट बसलंय का बघा. झाकण उघडं असलं की तो मुद्दामच थांबतो, त्याला चकवायला जाऊ नका. कपडे एका बाजूला जमले असतील तर पसरा. एखादा मोजा आतल्या टोपलीच्या बाहेर पडून दांड्याला गुंडाळतो, तोही शोधा. झाकण लावलेलं असूनही टोपली घट्टच राहत असेल, तर ब्रेकची तार तुटली किंवा सुटली असणार.

जिथे बोअरचं पाणी जड आहे, तिथे टबात पांढरे थर बसतात. लिंबूसत्व कोमट पाण्यात घालून मशीन रिकामं फिरवा, अर्धा तास तसंच ठेवा, मग साध्या पाण्याने धुवा. त्याच वेळी ब्लीचिंग पावडर म्हणजे आपली टीसीएल त्यात टाकू नका. दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो, छाती भरून येते. उंदरासाठी मशीनच्या बुडाला लोखंडी जाळी बांधा.

मशीनला हात लावला की मुंग्या येतात, हे कितीजणी हसून सांगतात. हसण्यासारखं नाही ते. ओल्या मोरीत, अनवाणी पायाने तोच झटका जीव घेऊ शकतो. मशीन तिथल्या तिथे बंद करा. पिनची तिसरी, जाड आणि लांब दांडी अर्थिंगची असते. ती काढून दोन पिनवर चालवणं किंवा मोडलेली तशीच वापरणं बंद करा. मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात तो सुकतो, त्यात पाणी घालत राहा. आणि घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरची गळती ओळखून वीज तोडणारी पेटी वायरमनकडून बसवून घ्या. नव्या साडीऐवजी ती घ्या, असं आम्ही गटात सरळ सांगतो, आणि राग आला तरी सांगतो.

कारागीर बोलवावाच लागला, तर काय बदललं ते बिलावर लिहून घ्या आणि काढलेला जुना भाग मागून घ्या. नाही म्हणाला तर ग्राहकांच्या तक्रारीचा क्रमांक १९१५ आहे.

आमच्या गटाने वर्गणीतून एक पेटी केली आहे. टेस्टर, दोन पेचकस, पक्कड, पान्यांचा संच, बारीक सुया आणि बाटलीचा ब्रश, इतकंच सामान. पेटी समाजमंदिराच्या कपाटात असते, किल्ली अंगणवाडीच्या ताईंकडे. नेताना वहीत नाव आणि तारीख लिहायची, तिसऱ्या दिवशी परत आणायची. तुमच्या गटाला अशी पेटी करायची असेल तर येत्या बैठकीत विषय काढा, आणि तुमचा काळा पडलेला एक बर्नर तिथे घेऊनच जा.