पात्याची परीक्षा
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



सातपाटीच्या बंदरात मासळी उतरली की धारदार पात्याचा शोध सुरू होतो. येथील प्रसिद्ध पापलेटास २०२३ साली महाराष्ट्राच्या राज्यमाशाचा मान मिळाला. ते चिरणारे पाते आपल्या भट्टीवरचे असावे की कारखान्यातले, हा प्रश्न मात्र आपल्या चुलीशी निगडित आहे. पात्याचा कस विचारणाऱ्या गिऱ्हाइकास ‘हाताचा अंदाज’ हे उत्तर आता पुरत नाही. म्हणून ज्ञातीच्या निधीतून काठिण्यमापक यंत्र घ्यावे, अशी सूचना पुढे आली आहे. ते कोणते असावे, याविषयी आम्ही दोन शब्द सांगू इच्छितो.

पाते अति कठीण झाले तर धारेचे कपचे उडतात. मऊ राहिले तर धार वळते. आपले वाडवडील पाणी दिलेले पाते पुन्हा तापवून रंग पाहत: फिकट पिवळा म्हणजे सुमारे २२० अंश सेंटिग्रेड, निळा म्हणजे सुमारे ३००. ही विद्या खरीच आहे. तथापि रंग केवळ उष्णता सांगतो. मुळात पाणी नीट बसले होते की नाही, हे सांगत नाही.

स्वीडनच्या ब्रिनेल यांनी १९०० साली गोळी दाबून खळगा मोजण्याची रीत प्रसिद्ध केली; परंतु १० मिलिमीटरची ती गोळी पातळ, कठीण पात्यास उपयोगी नाही. विकर्सची रीत सूक्ष्म, पण पृष्ठभाग चकचकीत करून खूण सूक्ष्मदर्शकाने मोजावी लागते. हातात धरावयाचे, टोला उसळविणारे यंत्र दिसण्यास मोहक. मात्र हलके पाते थरथरते आणि आकडा फसवा येतो.

उरली रॉकवेलची रीत. अमेरिकेतील ह्यू व स्टॅन्ली रॉकवेल यांना तिचे पेटंट १९१९ साली मिळाले. तिच्या ‘सी’ मापात हिऱ्याचा शंकू प्रथम १० व नंतर एकूण १५० किलोग्रॅम भाराने दाबतात. आकडा तबकडीवर सरळ दिसतो. ६० आकड्यास शंकू सुमारे ०.०८ मिलिमीटर उतरतो. जाडी त्याच्या दहापट, म्हणजे ०.८ मिलिमीटर, असली की पुरे. पात्याच्या पाठीशी ती सहज मिळते. स्वयंपाकाच्या सुऱ्या बहुधा ५४ ते ६० च्या दरम्यान असतात.

म्हणून आमचे मत असे: हाताने चालणारे, मेजावरचे एकच रॉकवेल यंत्र सर्वांत मिळून घ्यावे, सोबत प्रमाणित ठोकळा अवश्य घ्यावा व रोज प्रथम तोच तपासावा. खाऱ्या वाऱ्यापासून यंत्र झाकून ठेवावे. पात्यावरची पापडी घासून काढावी, आणि उतरत्या धारेवर शंकू कधीही टेकवू नये. घरोघरच्या भट्टीस ४० ते ६५ आकड्यांच्या परीक्षा-कानशींचा संच पुरेल.

येथील मच्छिमारांनी सहकाराचे बळ दाखविले आहेच. आपणही यंत्राशेजारी एक वही ठेवू. वडिलांनी पाहिलेला रंग आणि मुलाने वाचलेला आकडा एकाच ओळीत लिहिला गेला, तर वाडवडिलांची विद्या पुढील पिढीच्या हाती शाबूत राहील.